टॅप

दर वर्षी 31 डिसेंबरला आमच्या गावच्या घरी बिअर असते हे अण्णांना माहीत असतं. त्यांना माहीत आहे हे आम्हाला माहीत असतं. कुणीच कुणाला काही माहीत असल्याचं दाखवत नाही, म्हणून गेली पंधरा-सोळा वर्षं आमचं कुटुंब एकत्र आहे. व्यवस्था साधी होती. मागच्या पडवीत न्हाणीशेजारी पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात बाटल्या, वर ओलं गोणपाट आणि गोणपाटावर कोयता. कुणी विचारलंच तर "नारळ भिजत घातलेत" म्हणून सांगायचं. नारळ भिजत घालत नाहीत हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण सोळा वर्षांत कुणी विचारलं नाही. अण्णा साडेआठला जेवून उठत आणि "चालू द्या तुमचं" म्हणून आत जात. त्या 'तुमचं'मध्ये सगळं आलं.

या व्यवस्थेला दृष्ट लागली ती भाच्याची.

भाचा पुण्यात असतो. 2009 साली पुण्यात डूलाली सुरू झाली, आणि ज्या शहरात पूर्वी अमृततुल्यांच्या चहावर वाद व्हायचे तिथे पोरं गव्हाची बिअर बरी की सफरचंदाची सायडर यावर हमरीतुमरीवर यायला लागली. भाचा त्या पिढीतला. दिवाळीतच त्याने फोन करून जाहीर केलं, "मामा, बाटल्या बास झाल्या. या वर्षी ड्राफ्ट."

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. तोंडातून आपोआप निघालं, "कुणाच्या नावाने?"

त्याने मग मला ज्ञान दिलं. बाटलीतली बिअर टिकावी म्हणून तापवलेली असते, म्हणजे उकळलेलं दूध. ड्राफ्ट म्हणजे धारोष्ण. ती पोलादी पिंपात असते, पिंपाला केग म्हणतात, केगला गॅस जोडायचा, गॅसने बिअर वर ढकलायची आणि नळ सोडला की ग्लासात थेट. "घरच्या पार्टीत नळ!" तो म्हणाला. मला एकदम आमच्या ओसरीवर पितळी नळ दिसला, त्याखाली मी उभा आणि समोर रांगेत मेव्हणा. हा मेव्हणा गेल्या वर्षी आमच्या बाटल्यांवरची तारीख चष्मा लावून वाचत होता. मी लगेच हो म्हटलं. माणूस घरात नळ आणतो तो तहान भागवायला, असं समजणाऱ्याला मेव्हणे नसावेत.

अण्णांना सांगणं भाग होतं, कारण पिंपावर कोयता ठेवून भागणार नव्हतं. अण्णा निवृत्त हेडमास्तर. दारूला स्पर्श नाही, पण कायद्याला स्पर्श झालेला त्यांना चालत नाही. ते उठले, कपाटातून विम्याच्या कागदांची पिशवी काढली आणि तिच्यातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. दारूचा तहहयात परवाना! हजार रुपये भरून काढलेला. कधी काळी एका डॉक्टरांनी थंडीच्या दिवसांत घरात ब्रँडी असू द्या म्हटलं होतं. अण्णांनी ब्रँडी आणली नाही, परवाना आणला.

"1949 चा कायदा आहे," ते म्हणाले. "दारूबंदीचा. बंदी अजून आहे. आपण जे पितो ते परवान्याने पितो."

"आपण?"

"तुम्ही," ते म्हणाले. "आणि कशासाठी पितो ते नीट वाच. प्रकृतीच्या रक्षणासाठी."

खरंच तसं आहे. महाराष्ट्रात सरकारच्या लेखी मनुष्य दारू पितो तो स्वतःची प्रकृती सांभाळायला. एक दिवस सांभाळायची तर पाच रुपये, वर्षभर सांभाळायची तर शंभर आणि मरेपर्यंत सांभाळायची तर हजार. अण्णांनी फर्मान काढलं की ज्याच्या नावचा परवाना त्यालाच पेला, आणि एकविसाच्या आतल्याला पेलाही नाही. मी नऊ जणांचे एकेक दिवसाचे परवाने आणले. पंचेचाळीस रुपये झाले. त्या पार्टीत जेवढा खर्च ठरल्याप्रमाणे झाला तेवढा हाच.

30 तारखेला दुपारी भाचा आला. पुण्याहून भोर, भोरहून वरंधा घाट, खाली महाड आणि महाडहून पोलादपूर. वरंधा घाटाची वळणं ज्यांनी पोटात साठवली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. केग वीस लिटरचा होता. पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला. मागे आत्या, मांडीवर तिची पिशवी, पायाशी गॅसचं नळकांडं आणि कुशीत कुत्रा. आत्याला वरंध्यात दोनदा उलटी झाली, केगला एकदाही नाही, असं भाचा कौतुकाने सांगत होता. केगचं सगळं आतल्या आत चाललं होतं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

चकचकीत पोलादी पिंप गाडीतून उतरलं, तशी शेजारची काकू पुस्तक घेऊन धावत आली. "ग्यास आला काय ओ?" तिला बराच वेळ समजवावं लागलं. शेवटी आई म्हणाली, "अगं, ताक आहे पुण्याचं." आईचं हे वाक्य पुढे किती खरं होणार होतं!

भाच्याने सूचनांचा कागद वाचून दाखवला. प्रवासानंतर केग एक दिवस हलवू नये. तीन ते चार अंश तापमानात ठेवावा. मी फ्रीज उघडला. आत उद्याच्या कोंबडीचं मॅरिनेट, खोवलेल्या नारळाचे डबे, आंबोळ्यांचं पीठ, आणि महाडहून आणलेला केक. केग आत जाण्यासाठी फ्रीजमधला फ्रीजच काढावा लागला असता.

"विहिरीत सोडा," अण्णा म्हणाले. त्यांना या प्रकरणात आता पदार्थविज्ञान दिसायला लागलं होतं. "भरलेलं पिंप बुडेल, रिकामं तरंगेल. वर आलं की समजायचं, संपली."

कल्पना बिनतोड होती. पण आमच्या विहिरीचं पाणी पोहायला गार लागतं, बिअरला नव्हे. मग मेव्हणा महाडला गेला आणि मासळीवाल्याकडून बर्फाच्या दोन लाद्या घेऊन आला. बर्फ स्वस्त पडला, कारण त्यात आधीच थोडा बांगडा होता. घंगाळात केग उभा केला, भोवती बर्फ फोडून भरला, वर भाताचा तूस आणि त्यावर गोणपाट. बर्फ कमी पडत होता म्हणून प्रत्येक जण जाता-येता केग जरा तिरका करून, खाली कुठे पोकळी राहिली आहे का ते बघत होता. एक दिवस हलवायचा नाही, हे प्रत्येकाने दुसऱ्याला बजावलं. बजावताना केगवर थापही मारली. मी स्वतः रात्री अडीचला उठून तो पुरेसा स्थिर आहे ना हे हलवून पाहिलं.

31 ला दुपारी चारला भाच्याने जोडणी करायला घेतली आणि त्याचा चेहरा पडला.

"मामा, टॅप मागे राहिला."

"राहणारच," मी म्हणालो. "आता सगळ्यांचाच राहतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या अंगाला. घाटात महामार्ग पोलिसांचं मदत केंद्र आहे. ट्रॅफिक एड पोस्ट. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून या सबंध महामार्गावर अशा चौक्यांना लोक टॅप म्हणतात. हातखंब्याचा टॅप, कशेडीचा टॅप. आमच्या लेखी जगात टॅप एकच. पूर्वी गोव्याच्या हायवेने जाणारा पाहुणा घाट चढण्याआधी आमच्याकडे चहाला टेकायचा, कारण पुढे पाऊण तास वळणं. 2023 च्या गणपतीत डोंगरातून बोगदा उघडला. दोन किलोमीटरचा बोगदा, घाट दहा मिनिटांत पार. तेव्हापासून पाहुणे खेडला पोचतात आणि तिथून फोन करतात, "अरे, तुझं घर मागे राहिलं वाटतं." घर राहतं तिथे टॅप का राहू नये?

"मामा, बिअरचा टॅप," भाचा म्हणाला. "नळ. पुण्याला राहिला. टेबलावर."

वीस लिटर बिअर, गॅस, बर्फ, नऊ परवाने, आणि नळ नाही. मेव्हणा काही बोलला नाही. त्याने फक्त चष्मा काढून पुसला.

पण भाच्याच्या पिढीचं एक बरं आहे, त्यांचा कुणी ना कुणी मित्र नेहमी कुठून तरी निघालेला असतो. एकाची सासुरवाडी खेडची होती. तो त्याच दुपारी पुण्याहून निघणार होता. त्याने वाटेत नळाची पिशवी उचलली आणि रात्री आठच्या सुमारास महाडहून फोन केला. भाचा न्हाणीत होता, फोन मी घेतला. हा संवाद मी आजवर तीन लोकांना ऐकवला आहे आणि तिघांनीही चूक माझीच ठरवली आहे.

"काका, टॅप माझ्याकडे आहे. कुठे भेटू?"

"कशेडी टॅप."

"हो, टॅप आहे माझ्याकडे. कुठे भेटू?"

"अरे, कशेडी टॅपला!"

"कशेडीला. बरं. टॅप घेऊन येतो."

"टॅप घेऊन टॅपला ये," मी म्हणालो. माझ्या दृष्टीने याहून स्पष्ट वाक्य मराठीत होणं शक्य नव्हतं. घरी का बोलावलं नाही? कारण आमच्या घराकडे वळणारा फाटा अंधारात घरच्यांनाच सापडत नाही. टॅप सगळ्यांना माहीत. निदान मला तसं वाटत होतं.

मी आणि भाचा निघालो. जोडणी तिथल्या तिथे बसते का बघावी म्हणून भाच्याने गॅसचं नळकांडं डिकीत टाकलं. डिकीत बर्फाचे मोकळे खोकेही होते. जुना घाट चढून आम्ही टॅपपाशी गाडी लावली आणि थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. 31 डिसेंबरच्या रात्री दोन पुरुष पोलीस चौकीसमोर स्वतःहून गाडी उभी करून बसतात, हे दृश्य त्या चौकीनेही पूर्वी पाहिलं नसावं. एक हवालदार बॅटरी घेऊन आले.

"कशासाठी थांबलात?"

"टॅपसाठी."

"हाच टॅप."

"हो, म्हणून तर थांबलोय. आमचा टॅप येतोय."

"टॅप कुठून येणार? टॅप इथेच असतो."

"हा नाही. दुसरा. तो पुण्याहून निघालाय."

हवालदारांनी बॅटरी माझ्या डोळ्यांवर धरली. माझ्या वयाकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "काका, किती झालीये?"

"काहीच नाही हो. टॅपच नाही तर होणार कशी?"

एवढ्यात भाचा मदतीला उतरला. "साहेब, बिअर घरी आहे," त्याने खुलासा केला. "आमच्याकडे फक्त गॅस आहे." आणि कुणी मागितली नसताना डिकी उघडली. बांगड्याचा वास, ओले खोके आणि मधोमध एक नळकांडं.

"हा कसला गॅस?"

"बिअर ढकलायचा."

"ढकलायची कुठे?"

"वर."

मी घाईघाईने खिशातून अण्णांचा परवाना काढला. येताना असू द्या म्हणून घेतला होता. हवालदारांनी तो बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी वाचला.

"हे कोण?"

"आमचे वडील."

"ते कुठायत?"

"झोपले. ते पीत नाहीत."

यावर त्या गृहस्थांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. आत जाऊन यंत्र घेऊन आले. "फुंका."

कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मी फुंकलो. शून्य. भाचा फुंकला. शून्य. हवालदारांनी यंत्र झटकलं, मला पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. माणूस शुद्धीवर असून असं बोलतो याचं त्यांना जास्त वाईट वाटलं असावं. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा पाजला आणि सगळी हकीगत सुरुवातीपासून, सावकाश सांगायला लावली. मी दिवाळीपासून सुरुवात केली.

"काका," शेवटी ते म्हणाले, "कारवाले आता टॅपला कशाला येतील? तुमचा पाहुणा बोगद्यातून गेला. कशेडीला ये म्हणालात ना? मग कशेडी गावात उभा असणार. तिकडे, पलीकडे."

तो तिथेच होता. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाला, खेड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्यात. आम्ही रायगडातून टॅपवर त्याची वाट बघत होतो आणि तो रत्नागिरीतून टॅप घेऊन आमची. मधे फक्त डोंगर होता. फोन त्यानेही लावला होता, पण घाटात रेंज नव्हती. नळ हातात पडला तेव्हा पावणेदहा वाजले होते. तो जेमतेम वीतभर होता.

ओसरीवर चौदा माणसं बसून होती. मी बँकेतली सवय म्हणून वही घातली होती. वीस लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरचे चाळीस मग, नऊ परवानाधारकांना प्रत्येकी चार पूर्णांक चार दशांश. मी नळाशी उभा राहिलो. मेव्हणा रांगेत पहिला होता. अगदी जसं दिवाळीत दिसलं होतं तसं. भाच्याने गॅस सोडला, फुस्स आवाज झाला, वायसर नीट बसवला, आवाज थांबला. मी मग पंचेचाळीस अंशात तिरका धरला आणि नळ ओढला.

फेस आला.

मी थोडा वेळ जाऊ दिला. पांढरा, दाट, सुंदर फेस. दुसरा मग, फेस. तिसऱ्यात तळाशी बोटभर सोनेरी काहीतरी दिसलं, लोक कौतुकाने पुढे सरकले, तेवढ्यात तेही फेस झालं. चौथ्या मगात भाच्याने दाब वाढवला, तेव्हा फेस माझ्या शर्टावर आला. पाचव्यात त्याने दाब कमी केला, तेव्हा नळ नुसता खोकला.

"वरंध्यातून आणली ना?" आई माजघरातून म्हणाली. "एवढं घुसळल्यावर लोणी तरी यायला हवं होतं."

पंक्चर काढणारा शेजारी पुढे झाला. "किती पौंड ठेवलाय?"

"दहा-बारा सांगितलाय कागदात."

"दहा?" तो म्हणाला. "फुगा आहे काय?" आणि त्याने बत्तीस करून दाखवला. तो मग आम्हाला मिळालाच नाही, तो अंगणात सापडला.

चुलतभावाचं म्हणणं पडलं की ग्लास कोरडा हवा. आत्याचं म्हणणं ओला हवा. अण्णा एव्हाना उठून बाहेर आले होते आणि चष्म्यातून वाकून नळाचा आणि पिंपाचा संबंध बघत होते. आईने मात्र तोडगा काढला. काकवी उतू जायला लागली की तीत तेलाचा थेंब टाकतात, फेस बसतो. तिने खोबरेल तेलाची बाटली आणली, एका मगात बोट बुडवलं आणि काय सांगू, फेस खरंच बसला! सर्रकन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिला मान मेव्हण्याला दिला. त्याने एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि विचारलं, "यात केसही वाढतात का?"

खरा जाणकार त्या गर्दीत एकच होता आणि तो सगळ्यांत मागे, पायरीवर बसला होता. गावातले सोडावाले काका. त्यांनी चाळीस वर्षं गोटी सोडा भरला आहे. म्हणजे पाण्यात गॅस घालून गोटीने तोंड बंद करणे, हा त्यांचा धंदा. ते उठले, गोणपाट बाजूला केलं, केगला तळहात लावला.

"गार नाही," ते म्हणाले. "बर्फ खाली गेलाय, वरचं अंग कोमट आहे. गॅस गार पाण्यात बसतो. कोमट झालं की उठतो. त्यात हललंय. हललेल्या बाटलीची गोटी कुणी दाबतं काय?"

"मग काय करायचं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"काही करायचं नाही. आज रात्रभर कुणी हात लावायचा नाही. सकाळी सोडा."

नऊ जणांच्या खिशात एकेक दिवसाचे परवाने होते आणि त्यातला एक तास पाच मिनिटं उरली होती. सकाळी सोडा! आम्ही काकांचे आभार मानले आणि पुन्हा नळ ओढला. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे. फेस, एकतीस मग. बिअर, अदमासे चार मग, त्यांपैकी एक तेलकट.

साडेअकराच्या सुमारास मेव्हणा "जरा गाडी लॉक झाली का बघतो" म्हणून उठला आणि येताना चार बाटल्या घेऊन आला. "अशाच पडल्या होत्या," तो म्हणाला. मला राग यायला हवा होता. पण तेवढ्यात चुलतभाऊही उठला. त्याच्या स्कूटरच्या डिकीत दोन होत्या, "बायकोच्या नकळत". आत्याच्या मुलाने बॅगेतून तीन काढल्या. भाचा, ज्याने हे सगळं रामायण मांडलं, तो स्टेपनीच्या खड्ड्यातून सहा कॅन घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता घंगाळात ठेवू लागला. थोडक्यात, त्या ओसरीवर नळावर श्रद्धा असलेला एकही इसम नव्हता. सगळे नुसते रांगेत उभे होते.

मी गप्प राहिलो. मग न्हाणीच्या माळ्यावर, लाकडांमागे हात घातला आणि माझ्या चार काढल्या. गोणपाटावर कोयता ठेवला. बारा वाजता लांब महाडच्या बाजूला फटाके वाजले, आम्ही बाटल्या एकमेकांना टेकवल्या, आणि केग घंगाळात एकटा, कुणी न हलवलेला, पहिल्यांदाच शांत उभा राहिला.

सकाळी उठलो तेव्हा थंडी मी म्हणत होती. साडेआठ झाले होते. माजघरात तव्याचा चर्र आवाज येत होता. गुरुवार होता, त्यामुळे उरलेली कोंबडी बाद. आंबोळ्या आणि खोबऱ्याची चटणी. मंडळी पानावर बसली होती आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नाही असं फक्त दोनदा घडतं, भांडण झाल्यावर किंवा पदार्थ जमल्यावर. मी पहिला तुकडा मोडला. असली जाळी मी जन्मात पाहिली नव्हती. कापसासारखी आंबोळी, किंचित आंबूस, किंचित गोडसर, मागे कुठेतरी गव्हाचा वास.

"आई, काय घातलंस?"

"काही नाही," आई म्हणाली. "पीठ काल फ्रीजमध्ये गारठलं होतं, फुगलंच नाही. गोव्याचे पोदेर माडीवर पाव फुगवायचे म्हणतात, तसं तुमच्या त्या टाकीतलं दोन तांबे घातलं. वाया कशाला घालवायचं?"

"पण फेस?"

"कसला फेस? छान धार आली. वर बोटभर साय. कालपासून तुम्हाला कुणाला नळ सोडता येईना होय?"

मी उठून ओसरीवर गेलो. केगला हात लावला, चांगलाच गार. एक ग्लास धरला, नळ ओढला. सोनेरी, स्वच्छ, वर दोन बोटं फेस, बुडबुडे एकामागून एक शिस्तीत वर चाललेले. भाच्याने मोबाइलवर दाखवलेल्या चित्रातलाच ग्लास. सकाळचे पावणेनऊ, 1 जानेवारी, गुरुवार. परवाना काल रात्री बाराला संपलेला. मी तो ग्लास हातात धरून माजघरात आलो. निदान मेव्हण्याने बघावा म्हणून. मेव्हणा पाचव्या आंबोळीवर होता, त्याने मान वर केली नाही.

अण्णांचं ताट मात्र अर्ध्यावर थांबलं होतं. आईचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. ते उठले, हात धुतले, आत गेले. कपाटाचं दार वाजलं. आता काय होणार म्हणून आई पदर सावरून उभी राहिली.

अण्णा परत आले, प्लास्टिकमधला कागद ताटाशेजारी नीट सरळ ठेवला, त्यावर पाण्याचा तांब्या टेकवला आणि आईला म्हणाले, "अजून दोन वाढ."